‘दोष आढळला नाही’ म्हणजे काय?

आकुर्डीत खंडोबा माळापासून चालत जाता येईल अशा एका शाळेच्या संगणककक्षात दहा संगणक आहेत. विज्ञान मंडळाच्या कामासाठी आमचे तिथे जाणे-येणे असते. त्यांतला सातव्या क्रमांकाचा संगणक गेल्या वर्षी पावसाळ्यात बिघडला. सरळ बंद पडला असता तर बरे झाले असते. तो चालत असे आणि मधेच थांबत असे. कधी निळा पडदा येई, कधी माउसचा बाण जागच्या जागी खिळून राही, कधी मुलांचा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम आपोआप मिटे. बटण दाबून पुन्हा चालू केला की तासभर शहाण्यासारखा वागे.

त्याच आठवड्यात नववीच्या एका मुलाने घरून पेनड्राइव्ह आणला होता. व्हायरस त्यानेच आणला असे ठरले. कक्षाच्या नोंदवहीत तसे लिहिले गेले आणि दिवाळीपर्यंत त्याला तिथे येण्यास मनाई झाली. आम्हीही त्या वेळी मान डोलावली होती, हे सांगितले पाहिजे. दुरुस्तीवाले आले, त्यांनी फॉरमॅट मारले, कार्यप्रणाली नव्याने चढवली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट. या दुसऱ्या खेपेस कार्यप्रणाली चढता चढताच ‘फाईल खराब आहे’ असा संदेश आला. पुन्हा सुरुवात केली, तर तोच संदेश दुसऱ्याच फाईलच्या नावाने आला. तिसऱ्या प्रयत्नात काम पुरे झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

वास्तविक निदान त्याच क्षणी समोर येऊन उभे होते. दोष व्हायरसचा असेल तर डिस्क कोरी केल्यावर तो जायला हवा. तो गेला नाही. दोष सीडीवरच्या ओरखड्याचा असेल तर दर वेळी त्याच फाईलवर अडायला हवे. तसेही झाले नाही. म्हणजे फाईल डिस्कवर जाण्याआधी ज्या जागेतून जाते, ती जागाच संशयित ठरते. विज्ञानाच्या तासाला आपण परिकल्पना, भाकीत आणि पडताळा हे शब्द फळ्यावर लिहितो. दहा पावलांवरच्या खोलीत मात्र एका मुलाविरुद्धची परिकल्पना दोनदा खोटी ठरूनही कोणी ती मागे घेतली नाही.

पुढे आम्ही या संगणकाच्या स्मृतीची चाचणी घेतली. त्या निमित्ताने अशा चाचण्यांचे थोडे परीक्षण शिक्षक वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. पुस्तकाचे परीक्षण करतात तसेच चाचणीचेही करता येते: ती काय सांगते, काय सांगत नाही, आणि तिच्या नावावर आपण काय खपवतो.

आधी पाठ्यपुस्तकांविषयी. संगणकाच्या बहुतेक शालेय पुस्तकांत स्मृतीवर दोन वाक्ये असतात: रॅम तात्पुरती, रॉम कायमची. परीक्षेत फरक स्पष्ट करायला ती पुरतात. पण ‘तात्पुरती’ हा शब्द किती शब्दशः घ्यायचा, हे कोणी सांगत नाही. आजच्या रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ सालचे. धारित्रात विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. हा भार काही दहा हजार इलेक्ट्रॉनांचा असतो आणि तो गळत असतो. म्हणून प्रत्येक धारित्र साधारणपणे ६४ सहस्रांश सेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावे लागते. वीज चालू असतानाही रॅम सेकंदाला निदान पंधरा वेळा विसरण्याच्या बेतात असते आणि तितक्याच वेळा तिला आठवण करून दिली जाते. एखादे धारित्र नेहमीपेक्षा जास्त गळके निघाले, तर आठवण करून देणारा पोहोचण्याआधीच ते विसरून बसते. मुलांना हे सांगितले की ‘रॅम खराब होते म्हणजे काय’ हा प्रश्न ती आपण होऊन विचारतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती फेराइटच्या कड्यांची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट. आणि दर बिटामागे एक कडी. तिथे बिट डोळ्यांनी दिसत असे. आमच्या सातव्या संगणकात प्रत्येकी २ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, म्हणजे सुमारे ३,४३६ कोटी बिट. त्यांतला आजारी बिट शोधायचा कसा?

सगळ्या शक्यता तपासून पाहू, हा विचार ताबडतोब सोडावा लागतो. फक्त ६४ बिट, म्हणजे इंग्रजी आठ अक्षरे मावतील एवढी जागा घेतली, तरी तिच्या संभाव्य स्थिती २ चा ६४ वा घात इतक्या होतात. सेकंदाला एक अब्ज स्थिती तपासल्या तरी ५८० हून अधिक वर्षे लागतील. म्हणून चाचणी करणारा सर्व स्थिती तपासत नाही. दोष कोणकोणत्या प्रकारचे असू शकतील याचा तो अंदाज बांधतो आणि त्या प्रकारांना उघडे पाडणारा क्रम रचतो.

असा एक क्रम वर्गात करून दाखवता येतो. आठ मुले ओळीने बसवा. बसलेला ०, उभा १. पहिल्यापासून आठव्यापर्यंत जा. प्रत्येक जण बसला आहे ना ते पाहा आणि त्याला उभे करा. मग पुन्हा जा. प्रत्येक जण उभा आहे ना ते पाहा आणि त्याला बसवा. जो मुलगा उठतच नाही किंवा बसतच नाही, तो सापडला. आता एक खोडी ठरवा: पाचवा उभा राहिला की चौथाही उठतो. एक ते आठ या दिशेने जाताना ही खोडी लपते, कारण पाचव्याची पाळी येईपर्यंत चौथा उभाच असतो. आठ ते एक या दिशेने उभे करत आलात तर मात्र पाचवा उठताच चौथा उठतो, आणि त्याच्याकडे पोहोचल्यावर जो बसलेला असायला हवा तो उभा सापडतो. शेजाऱ्याला डिवचणारे बिट खरोखर असतात, म्हणून चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी लागते. आम्ही हा प्रयोग सहावीच्या मुलांबरोबर केला. खोडी ओळखायला त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. संगणकाचा एवढा सरस पाठ संगणकाशिवाय होतो, याचे आम्हालाच नवल वाटले.

आता चाचण्यांकडे वळू. पहिली चाचणी संगणक सुरू होताना आपोआप होते. जुन्या यंत्रांवर ती आकडे मोजत वर जाताना दिसे आणि बघणाऱ्याला वाटे की प्रत्येक बिट तपासला जातो आहे. तसे नसते. ती मुख्यतः स्मृती किती आहे ते पाहते, आणि वेळ वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रांत तिचा बराचसा भाग वगळलेला असतो. तिला हजेरी म्हणावे; परीक्षा म्हणू नये.

दुसरी चाचणी कार्यप्रणालीसोबत येते. आमच्या दुरुस्तीवाल्यांनी तीच घेतली. ती दोन फेऱ्या करते आणि ‘दोष आढळला नाही’ असे सांगते. त्यांनी तो संदेश दाखवून सांगितले की मेमरी ओके आहे. या दोन वाक्यांच्या अर्थात जो फरक आहे, त्याच्यावरच आमचा सगळा आक्षेप आहे. समजा, एखादा लहरी बिट सरासरीने चारांपैकी एका फेरीत चुकतो. दोन्ही फेऱ्यांत तो न चुकण्याची संभाव्यता ३/४ गुणिले ३/४, म्हणजे ९/१६. निम्म्याहून अधिक वेळा आजारी पट्टी निर्दोष सुटेल. आठ फेऱ्या केल्या तर सुटण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांवर येते. दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात फासे आणि पत्ते आहेत. हे उदाहरणही तिथे शोभून दिसेल.

तिसरी चाचणी म्हणजे मेमटेस्ट८६ या कुळातले प्रोग्रॅम. मूळ प्रोग्रॅम क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिला. त्यापासून सॅम्युएल डेम्युलमीस्टर यांनी २००४ मध्ये मेमटेस्ट८६ प्लस ही शाखा काढली. ती खुल्या परवान्यावर मोफत मिळते आणि २०२२ साली तिची नव्याने लिहिलेली आवृत्ती आली. या प्रोग्रॅमचा मोठा गुण असा की तो कार्यप्रणालीच्या आधारावर चालत नाही. संगणक थेट त्याच्यावरच सुरू करायचा. त्यामुळे कार्यप्रणालीने अडवून ठेवलेली जागाही तपासली जाते. तो स्वतः जिथे बसलेला असतो ती जागा तपासण्यासाठी तो उठून दुसरीकडे जाऊन बसतो. वर वर्णन केलेली दोन दिशांची फेरी त्यात आहे. सगळी स्मृती भरून काही मिनिटे स्वस्थ बसायचे आणि मग कोण विसरले ते पाहायचे, अशीही एक चाचणी आहे. (तो पेनड्राइव्हवरून चालवावा लागतो. कक्षात पेनड्राइव्हला बंदी होती, म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढावी लागली.)

आमचा पहिला प्रयत्न फुकट गेला. बुधवारी संध्याकाळी चाचणी लावून आम्ही घरी गेलो. आमच्या भागात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सकाळी वीज गेली आणि पडद्यावर जे काही उमटले असेल ते त्याच्याबरोबर गेले. शुक्रवारी पुन्हा लावली. दोन फेऱ्या स्वच्छ. तिसऱ्या फेरीत पडद्यावर लाल ओळी येऊ लागल्या.

त्या ओळींत तीन गोष्टी पाहायच्या: पत्ता, काय असायला हवे होते, आणि काय सापडले. पत्ते थोडे वेगवेगळे होते, पण एकाच भागातले. चूक मात्र सगळीकडे सारखी होती. ११११११११ च्या जागी १११११०११ येत होते. उजवीकडून तिसरा बिट, ज्याची किंमत ४, तो १ असायचा तेव्हा ० होत होता. मुलांनी कागदावर याचा पुढचा हिशोब केला. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ७ या आकड्याचा संकेत ००११०१११ असतो. त्यातला तो बिट गेला की ००११००११ उरते, आणि तो ३ चा संकेत आहे. तसाच ४ चा ०, ५ चा १ आणि ६ चा २ होतो. बाकीच्या आकड्यांना धक्का लागत नाही. म्हणजे ७२ गुणांचे ३२ होऊ शकतात. पस्तीसला उत्तीर्ण करणाऱ्या शाळेत याचा अर्थ काय ते सांगायला नको. खोलीत थोडा वेळ शांतता पसरली, कारण घटक चाचणीचे गुण याच यंत्रावर भरले जात होते. सगळ्या याद्या कागदावरच्या मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. सुदैवाने फरक निघाला नाही. पण निळा पडदा हा त्या यंत्राचा प्रामाणिकपणा होता हे आम्हाला त्या दिवशी समजले. खरी भीती न थांबता चुकीचे लिहून ठेवणाऱ्या यंत्राची.

यावर उपाय नाही असे नाही. रिचर्ड हॅमिंग हे बेल प्रयोगशाळेत शनिवार-रविवारी यंत्रावर गणित लावून जात. यंत्राला चूक सापडे आणि ते गणित सोडून देई. यंत्राला चूक झाली हे कळते तर ती कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांची १९५० ची चूक सुधारणारी संकेतपद्धती निघाली. आजही सर्व्हर संगणकांत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात; त्यांच्यामुळे एका बिटाची चूक सुधारते आणि दोन बिटांची ओळखता येते. १९८१ च्या आयबीएम पीसीत निदान चूक ओळखण्यापुरता नववा बिट होता. १९९० च्या दशकात खर्च वाचवण्यासाठी घरगुती आणि शालेय यंत्रांतून तो काढून टाकण्यात आला, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही. आमच्या मते हा सौदा वाईट होता. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ साली अकराशे साध्या संगणकांचा महासंगणक उभारला, तो जगात तिसरा आला. त्या यंत्रांत ही सुधारणेची सोय नव्हती. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती सगळी यंत्रे काढून सोय असलेली बसवली. नव्या डीडीआर५ पट्ट्यांत चिपच्या पोटातल्या चुका सुधारण्याची व्यवस्था आली आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता तिच्या कक्षेत येत नाही.

इथे विज्ञान लेखनाविषयी, म्हणजे आमच्याविषयीही, एक तक्रार. स्मृतीतल्या चुकांचा विषय निघाला की आम्ही मंडळी लगेच विश्वकिरणांवर घसरतो. गोष्ट मोहक आहे. दूरच्या ताऱ्याच्या स्फोटातून निघालेला कण येतो, वातावरणात आदळतो, त्यातून कणांचा वर्षाव होतो आणि एखादा कण आपल्या टेबलावरचा बिट उलटवतो. त्यात १९३७ साली हाइटलर यांच्यासह अशा वर्षावाचा सिद्धान्त मांडणारे होमी भाभाही आणता येतात. यातले काही खोटे नाही. इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी १९७८ साली दाखवले की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. विश्वकिरणांचा परिणामही त्यानंतर लवकरच मांडला गेला. पण तसा उलटलेला बिट पुन्हा लिहिला की नीट होतो आणि पुढची चूक भलतीकडेच होते. आमची चूक रोज त्याच भागात, त्याच बिटावर होत होती. ताऱ्याचा नेम इतका पक्का नसतो. गूगलच्या सर्व्हरांवरील अडीच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात दर वर्षी सुमारे आठ टक्के पट्ट्यांत चुका आढळल्या. चुकांचा मोठा भाग कायमच्या दोषांतून येत असावा आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याचा संभव बराच वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तापमानाचा परिणाम त्यांना किरकोळच दिसला. ‘आकुर्डीच्या उन्हाळ्याने मेमरी गेली’ असे विधान आम्ही या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात केले होते, ते यामुळे खोडावे लागले.

मेमटेस्टचे दोषही सांगायला हवेत. पडद्यावरचे सगळे आकडे सोळाच्या पायातले, आणि एका अक्षराचेही स्पष्टीकरण नाही. शिक्षकाने ते स्वतः समजून घेतल्याशिवाय मुलांपुढे ठेवता येत नाहीत. ‘पास’ हा शब्द ठळक येतो आणि तो मान्यतेच्या शिक्क्यासारखा वाटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चूक दाखवली तरी ती पट्टीची, खाचेची, मदरबोर्डची, प्रोसेसरची की वीज पुरवणाऱ्या डब्याची, हे त्या ओळींवरून ठरत नाही. लाल ओळ आली की नवी पट्टी विकणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत.

याचे उत्तर अदलाबदलीत आहे. त्या मुलाचे वडील चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीचे काम करतात. त्यांना आम्ही बोलावले होते, अर्थात वेगळ्या कारणासाठी. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, गेजमध्ये जॉब बसत नसेल तर आम्ही आधी तोच जॉब दुसऱ्या गेजने बघतो, आणि त्याच गेजने दुसरा जॉब बघतो. मगच रिजेक्ट मारतो.” आमच्या पट्ट्यांचे नेमके तेच करायचे होते. वायर काढून, डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवून, एक पट्टी ठेवायची आणि दुसरी काढायची. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. दोन पट्ट्या, दोन खाचा, चार चाचण्या, चार रात्री. पहिली पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष ठरली, दुसरी दोन्ही खाचांत चुकली. दोष पट्टीबरोबर फिरला, खाचेशी राहिला नाही.

पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची दुरुस्तीवाल्यांची चाल आहे. तिला आम्ही हसत नाही. संपर्कावर मळ असेल तर तेवढ्यानेही काम होते. पण घासणे, काढणे, पुन्हा बसवणे आणि फॉरमॅट मारणे हे सगळे एकाच वेळी केले, तर यंत्र सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही. म्हणून आम्ही घासण्याचा प्रयोग वेगळा केला. दुसरी पट्टी घासली, बसवली, रात्रभर तपासली. लाल ओळी तशाच.

जुन्या बाजारातून काहीशे रुपयांत दुसरी पट्टी आणली. बसवण्याआधी तिच्याही आठ फेऱ्या केल्या. मुलाला कक्षात घेतले गेले. नोंदवहीतली त्याच्या नावाची ओळ मात्र खोडली नाही. तिच्याखाली चाचणीची तारीख, फेऱ्यांची संख्या आणि सापडलेला बिट लिहून वर्गशिक्षिकेने सही केली. ओळ खोडू नका, खाली लिहा, असा आग्रह त्या मुलाच्या वडिलांचाच होता.

जानेवारीत सातवा संगणक पुन्हा एकदा अडकला. एकदाच. चाचणीच्या आठ फेऱ्या स्वच्छ निघाल्या. या खेपेस नोंदवहीत कारणाचा रकाना कोरा ठेवला आहे, आणि वीज पुरवणारा डबा तिसऱ्या संगणकाशी बदलून पाहायचे ठरले आहे.